एकदा सांगितलेलं

फोनवरचं एखादं अ‍ॅप उघडून आपण त्यातली अक्षरं मोठी करतो, भाषा मराठी निवडतो, रात्री डोळ्यांना त्रास नको म्हणून पडदा काळा करतो, रोज सकाळी येणारी सूचना बंद करतो. काम दोन-चार सेकंदांचं. पण त्यानंतर आपली एक अपेक्षा पक्की असते: हे पुन्हा सांगायची वेळ येऊ नये. फोन बंद करून सुरू केला, अ‍ॅपची नवी आवृत्ती आली, मध्ये महिनाभर ते उघडलंच नाही, तरी आपण सांगितलेलं त्याच्या लक्षात असावं. या पुस्तकाचा विषय एवढाच आहे. वापरणाऱ्याची पसंती अ‍ॅप कुठे साठवतं, परत कशी वाचतं, आणि मधल्या वाटेत ती कशी हरवते किंवा भलतीच होऊन बसते.

विषय लहान दिसतो, म्हणून शिकवतानाही तो घाईनं उरकला जातो. डेटाबेसला चार तास, नेटवर्कला सहा तास, आणि सेटिंग साठवण्याला तास संपता संपता दहा मिनिटं: ही ओळ लिहिली की साठतं, ती ओळ लिहिली की वाचता येतं. त्या दोन ओळी बरोबरच असतात. त्यांच्या भरवशावर अ‍ॅप चालतं, दुकानात जातं, लाखो लोकांच्या फोनवर पोचतं. मग एका अपडेटनंतर लोक तक्रार करू लागतात की सेटिंग आपोआप बदललं, बंद केलेल्या सूचना परत येऊ लागल्या, अ‍ॅप उघडताच बंद पडतं. अशा तक्रारींचा माग काढत गेलं की बहुतेक वेळा त्याच दोन ओळींपाशी येऊन थांबावं लागतं.

हे पुस्तक लिहिताना एक गोष्ट मी सतत समोर ठेवली आहे. साठवलेली पसंती म्हणजे वापरणाऱ्यानं अ‍ॅपला सांगितलेली गोष्ट. बातम्या, फोटो, दरपत्रकं सर्व्हरवरून पुन्हा आणता येतात. माणसानं काय सांगितलं होतं ते मात्र हरवलं की त्यालाच परत विचारावं लागतं. म्हणून सांगितलेलं जपायचं, आणि जे त्यानं सांगितलंच नाही ते त्याच्या नावावर घालायचं नाही. पहिली अर्धी जबाबदारी बहुतेकांना कळते. दुसरी फार थोड्यांच्या लक्षात येते, आणि पुस्तकाचा बराचसा भाग तिच्यावरच खर्च झाला आहे.

सुरुवात अँड्रॉइडपासून करू, कारण आपल्याकडे बहुतेकांच्या हातात तोच फोन आहे. अँड्रॉइडवर अ‍ॅप इन्स्टॉल होताना त्याला लिनक्सचा एक स्वतंत्र वापरकर्ता-क्रमांक मिळतो, आणि त्या क्रमांकाच्या मालकीचं एक खासगी फोल्डर. दुसऱ्या अ‍ॅपला तिथे शिरता येत नाही. ती अडवणूक खुद्द कर्नल करतं. या फोल्डरच्या आत 'शेअर्ड_प्रेफ्स' नावाचं आणखी एक फोल्डर असतं आणि पसंतीची फाइल त्यात असते. २००८ साली आलेल्या पहिल्या अँड्रॉइडपासून ही सोय आहे आणि तिचं नाव शेअर्डप्रेफरन्सेस. आपण स्वतः लिहिलेलं, डीबगसाठी बांधलेलं अ‍ॅप असेल तर अँड्रॉइड स्टुडिओच्या डिव्हाइस एक्स्प्लोररमधून ही फाइल उघडता येते. शिकणाऱ्या प्रत्येकानं ती एकदा तरी उघडून पाहावी, असा माझा आग्रह आहे. आत साधा एक्सएमएल मजकूर असतो. वर आवृत्ती आणि यूटीएफ-८ सांगणारी ओळ, खाली 'मॅप' नावाचा टॅग, आणि त्याच्या पोटात एकेका पसंतीची एकेक ओळ. बूलियन, नाव 'रोजची_सूचना', किंमत फॉल्स. इंट, नाव 'अक्षर_आकार', किंमत अठरा. स्ट्रिंग, नाव 'भाषा', आत मराठीचा दोन अक्षरी कोड. बस्स. माणसानं निवांत बसून जुळवून घेतलेलं आख्खं अ‍ॅप त्या दहा-बारा ओळींत मावतं.

आता एक बटण दाबल्यावर काय होतं ते जवळून पाहू. अ‍ॅप सुरू झाल्यावर कुणी तरी पहिल्यांदा ही फाइल मागतं, तेव्हा ती अख्खी वाचून मेमरीत घेतली जाते. हे वाचन वेगळ्या थ्रेडवर होतं, पण ते पुरं होईपर्यंत किंमत मागणाऱ्याला थांबून राहावं लागतं. त्यानंतरची सगळी उत्तरं मेमरीतून येतात, म्हणून ती झटपट मिळतात. फाइल लहान ठेवावी असं सगळे सांगतात त्याचं कारण इथे आहे. कुणी या फाइलीत सर्व्हरकडून आलेली शंभर बातम्यांची यादी एकाच स्ट्रिंगमध्ये कोंबली, तर एक साधं होय-नाही विचारण्यासाठीही ती सगळी यादी आधी मेमरीत यावी लागते.

लिहिताना आधी एडिटर मागायचा, त्यात बदल जमा करायचे आणि शेवटी कमिट किंवा अप्लाय म्हणायचं. कमिट डिस्कवर लिहून होईपर्यंत थांबतो आणि जमलं की नाही ते सांगतो. अप्लाय २०१० च्या अखेरीस अँड्रॉइड २.३ बरोबर आला. तो मेमरीतली किंमत लगेच बदलतो, डिस्कचं काम मागे सोपवतो आणि निकाल काही कळवत नाही. दोन्हींत एक गोष्ट सारखी आहे: एकच ओळ बदलली तरी सगळी फाइल नव्यानं लिहिली जाते. ते लिहिणं सुरू होण्याआधी जुन्या फाइलीच्या नावाला 'बीएके' हे शेपूट जोडून ती बाजूला ठेवतात. मग नवी फाइल लिहितात, ती खरोखर डिस्कवर उतरल्याची खात्री करून घेतात, आणि मगच जुनी पुसतात. मधेच बॅटरी संपली, तर पुढच्या वेळी वाचताना ती बाजूला ठेवलेली फाइल सापडते. ती सापडली याचा अर्थ नवी अपुरी राहिली. मग अपुरी टाकून देतात आणि जुनीला तिचं नाव परत देतात. ही रचना मला फार आवडते. वाईटात वाईट झालं तरी शेवटचा बदल जातो. आधीचं सगळं शाबूत राहतं. हे कुणी तरी नीट विचार करून लिहिलं आहे, आणि वापरणाऱ्याला त्याचा कधी पत्ताही लागत नाही.

तरी या जुन्या सोयीला तिच्या मर्यादा आहेत. अप्लायनं मागे सोपवलेलं काम पडदा बदलताना उरलेलं असेल, तर सिस्टिम ते पुरं होईस्तोवर मुख्य थ्रेडला थांबवते. स्वस्त फोनच्या संथ स्टोरेजवर इथेच अ‍ॅप गोठतं आणि 'अ‍ॅप प्रतिसाद देत नाही' ही पाटी झळकते. एकाच अ‍ॅपच्या दोन प्रोसेस एकाच फाइलीला हात लावू लागल्या तर कुणाचं लिहिलेलं टिकेल याची शाश्वती नाही. बदल कळवणारा लिसनर सिस्टिम सैल हातानं धरते. आपण तो स्वतःकडे धरून ठेवला नाही, तर तो गुपचूप नाहीसा होतो आणि सूचना येणं थांबतं. या सगळ्यावर उतारा म्हणून गूगलनं २०२० साली डेटास्टोअर पुढे आणलं आणि ऑगस्ट २०२१ मध्ये त्याची पहिली स्थिर आवृत्ती दिली. तिथे वाचन-लेखन मुख्य थ्रेडला न अडवता होतं, चूक झाली तर ती कळते, आणि हवं असल्यास किमतींचे प्रकारही आधीच ठरवून देता येतात. नवं अ‍ॅप लिहीत असाल तर तेच घ्या. पण जुन्या अ‍ॅपांत, आणि फ्लटरसारख्या साधनांच्या पोटातही, शेअर्डप्रेफरन्सेस इतकं रुजलेलं आहे की त्याचा स्वभाव माहीत नसून चालणार नाही.

आयफोनची वाट वेगळी आहे आणि तिचा वंशही जुना. स्टीव्ह जॉब्ज यांनी अ‍ॅपल सोडल्यावर १९८५ मध्ये नेक्स्ट ही कंपनी काढली. तिच्या नेक्स्टस्टेप या प्रणालीत डिफॉल्ट्सची एक व्यवस्था होती. अ‍ॅपलनं नेक्स्ट विकत घेतली तेव्हा ती मॅकमध्ये आली आणि पुढे आयफोनमध्ये. एनएसयूजरडिफॉल्ट्स या नावातलं 'एनएस' त्या वारशाचं. साठवण अ‍ॅपच्या 'लायब्ररी'तल्या 'प्रेफरन्सेस' फोल्डरमध्ये होते, पीलिस्ट नावाच्या फाइलीत. पण खरी गंमत साठवणीपेक्षा शोधण्याच्या क्रमात आहे. अ‍ॅपनं एखादी किंमत मागितली की यूजरडिफॉल्ट्स ती एकामागून एक थरांत शोधतं: आधी अ‍ॅप सुरू करताना दिलेले शब्द, मग या अ‍ॅपसाठी साठवलेलं, मग सगळ्या अ‍ॅपांना लागू असलेलं, आणि सगळ्यांत खाली नोंदणीचा थर, जिथे लिहिणाऱ्यानं आपले डिफॉल्ट मांडून ठेवलेले असतात. हा तळाचा थर डिस्कवर कधीच उतरत नाही. तो मेमरीत असतो आणि अ‍ॅप दर वेळी सुरू होताना पुन्हा मांडावा लागतो.

नवशिक्याला हे व्यर्थ काम वाटतं. तीच किंमत रोज का सांगायची, एकदाच लिहून का टाकू नये? याचं उत्तर मी या पुस्तकाच्या केंद्रस्थानी ठेवलं आहे.

कोपऱ्यावरच्या टपरीवर दोन गिऱ्हाइकं रोज येतात. एकानं पहिल्याच दिवशी सांगितलं, 'मला बिनसाखरेचा.' दुसऱ्यानं काहीच सांगितलं नाही; जसा मिळाला तसा तो पितो. उद्या टपरीवाल्यानं सगळ्यांच्या चहात साखर कमी करायचं ठरवलं, तर पहिल्याच्या कपात काही बदलायला नको आणि दुसऱ्याला नवा चहा मिळायला हवा. पण टपरीवाल्यानं सुरुवातीलाच वहीत दुसऱ्याच्या नावापुढे 'दोन चमचे' लिहून ठेवलं असेल, तर आता त्याला हे सांगता येणार नाही की दोन चमचे त्या माणसानं मागितले होते की आपणच ठरवले होते.

अ‍ॅप पहिल्यांदा उघडताच सगळे डिफॉल्ट फाइलीत लिहून टाकणारा डेव्हलपर नेमकं हेच करतो. त्या क्षणापासून 'सूचना चालू' ही ओळ वापरणाऱ्याची पसंती आहे की लिहिणाऱ्याचा अंदाज, हे फाइल पाहून कुणालाच ओळखता येत नाही. वर्षभरानं शहाणपण येतं, की सूचना मुळात बंद असायला हव्या होत्या. आता काय करणार? सगळ्यांच्या बंद केल्या, तर ज्यांनी मुद्दाम चालू ठेवल्या त्यांचं सांगणं मोडलं. कुणाच्याच बदलल्या नाहीत, तर ज्यांनी काहीच ठरवलं नव्हतं त्यांच्यावर जुना अंदाज कायमचा लादला गेला. सुटका नाही, कारण वेगळेपणाची खूण पहिल्याच दिवशी पुसली गेली. फाइलीत ओळ नसणं हीसुद्धा माहिती आहे. ती जपायची असेल तर डिफॉल्ट वाचताना द्यायचा, लिहायचा नाही.

अँड्रॉइडनं हे दुसऱ्या रीतीनं केलं. तिथे प्रत्येक किंमत मागताना सोबत डिफॉल्ट द्यावाच लागतो: 'रोजची_सूचना सांग, आणि नसेल तर ट्रू धर.' चांगली सोय. पण ही विचारणा कोडमध्ये पाच ठिकाणी असेल आणि त्यातल्या एका ठिकाणी कुणी ट्रूऐवजी फॉल्स टंकलं, तर सेटिंगच्या पडद्यावर बटण चालू दिसतं आणि सूचना मात्र येत नाही. वापरणारा ते बटण एकदा बंद करून पुन्हा चालू करतो आणि सगळं सुरळीत होतं, कारण आता फाइलीत ओळ आली. 'बंद करून चालू केलं की होतं' या सार्वत्रिक सल्ल्यामागे कित्येकदा हेच असतं. आयफोनवर याचा सख्खा भाऊ भेटतो. सेटिंग्ज अ‍ॅपमध्ये आपल्या अ‍ॅपचं पान दाखवता येतं आणि तिथल्या बटणाला डिफॉल्ट देता येतो. ते बटण चालू दिसतं, पण माणूस त्याला हात लावेपर्यंत किंमत साठवली जात नाही. अ‍ॅपनं तोच डिफॉल्ट वेगळा नोंदवला नसेल, तर त्याला विचारल्यावर फॉल्स मिळतं, कारण यूजरडिफॉल्ट्सकडे बूलियन मागितलं आणि ओळच नसली, तर उत्तर फॉल्स येतं. 'नाही म्हणाला' आणि 'काही म्हणालाच नाही' ही दोन्ही उत्तरं तिथे एकसारखी दिसतात.

हा फरक सेटिंगच्या पलीकडेही जातो, म्हणून मी त्यावर इतका रेंगाळलो. युरोपात डेटा-संरक्षणाचा जीडीपीआर हा कायदा २५ मे २०१८ पासून लागू झाला. त्याच सुमारास जाहिरात उद्योगानं संमती नोंदवण्याची एक सामाईक पद्धत ठरवली. तिच्या नियमानुसार, 'माझी माहिती जाहिरातदारांना द्या' किंवा 'देऊ नका' हे माणसाचं उत्तर फोनवर याच शेअर्डप्रेफरन्सेस आणि यूजरडिफॉल्ट्समध्ये ठेवलं जातं, ठरलेल्या नावांखाली, म्हणजे अ‍ॅपमध्ये बसलेली जाहिरातींची लायब्ररी ते वाचू शकेल. त्यातली एक नोंद सांगते की या माणसाला जीडीपीआर लागू आहे का. एक म्हणजे लागू, शून्य म्हणजे लागू नाही, आणि नोंदच नसेल तर अजून ठरलेलं नाही. आता ही नोंद वाचताना कुणी सवयीनं 'नसेल तर शून्य धर' असं लिहिलं, तर 'अजून ठरलेलं नाही'चं 'लागू नाही' होतं. एका शून्यानं एका माणसाच्या हक्काचा प्रश्न निकालात निघतो. आपल्याकडच्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यातही संमती स्पष्ट कृतीतून दिलेली असावी लागते, आणि ती देणं जितकं सोपं होतं तितकंच काढून घेणंही सोपं असावं लागतं. गप्प राहण्याला होकार मानायला तिथे जागा नाही. असं असताना जो डेव्हलपर संमतीचं बटण आधीच चालू करून ती किंमत फाइलीत लिहितो, तो माणसाच्या तोंडी खोटं घालतो. इतकं कडक मी जाणूनबुजून लिहितो आहे.

दुसरा मोठा भाग किमतींच्या रूपाबद्दल आहे, आणि तो मराठी वाचकाला जास्त जवळचा वाटेल. पुण्यात-नाशकात बसून अ‍ॅप लिहिणारे बहुतेक जण स्वतःचा फोन इंग्रजीत ठेवतात आणि चाचणीही इंग्रजीतच करतात. आता फोनची भाषा मराठी करून पाहा. भाषांच्या रीतिरिवाजांचा जो जागतिक साठा अँड्रॉइड आणि आयफोन दोघंही वापरतात, त्यात मराठीचे नेहमीचे अंक देवनागरी आहेत. हिंदीचे तसे नाहीत. तिथे इंग्रजी अंक धरलेले आहेत. त्यामुळे हिंदी फोनवर सुरळीत चाललेलं अ‍ॅप मराठी फोनवर अडखळू शकतं. समजा, वाचनाच्या अ‍ॅपमध्ये ओळींमधलं अंतर सव्वा पट करायची सोय आहे. लिहिणाऱ्यानं ती किंमत दोन दशांशांपर्यंत मांडण्यासाठी स्ट्रिंगमध्ये बदलली आणि तीच स्ट्रिंग साठवली. इंग्रजी फोनवर फाइलीत इंग्रजी अंक गेले. मराठी फोनवर '१.२५' गेलं, देवनागरीत, कारण मांडणी फोनच्या भाषेनुसार झाली. पुढच्या वेळी अ‍ॅप ती स्ट्रिंग वाचतं आणि तिचा पुन्हा आकडा करू पाहतं. जावाचं पूर्णांक वाचणारं फंक्शन देवनागरी अंक ओळखतं, दशांश वाचणारं ओळखत नाही. ते चूक फेकतं आणि अ‍ॅप बंद पडतं. पुन्हा उघडलं की पुन्हा तीच फाइल, पुन्हा तेच. अ‍ॅपचा डेटा पुसल्याशिवाय किंवा ते काढून पुन्हा टाकल्याशिवाय त्या माणसाची सुटका नाही, आणि तसं केलं की त्याची बाकीची सगळी सेटिंगही जातात. तारखेचंही असंच होतं: फोनच्या भाषेत मांडून साठवलेली तारीख देवनागरी अंकांत सर्व्हरकडे जाते आणि तिथे कुणालाच कळत नाही.

ज्यानं आपला फोन हौसेनं मराठीत ठेवला, त्यालाच हा दंड बसतो, आणि याची मला मनापासून चीड येते. मराठी फोनवर अ‍ॅप नीट चालत नाही असा अनुभव दोन-तीनदा आला की माणूस फोन इंग्रजीत नेतो आणि परत फिरत नाही. उपाय अवघड नाही. आकडा हा आकडा म्हणून साठवा. स्ट्रिंग करायचीच असेल तर कोणत्या भाषेच्या रीतीनं ते कोडमध्ये उघड सांगा. माणसाला दाखवताना मात्र त्याच्या भाषेतच दाखवा. अँड्रॉइड स्टुडिओ अशा जागी पिवळी रेघ मारून इशाराही देतो. ती रेघ डोळ्याआड करू नका, एवढंच मागणं आहे.

याच घराण्यातली आणखी एक चूक म्हणजे पडद्यावरचा शब्दच साठवणं. अक्षरांच्या आकारासाठी 'लहान', 'मध्यम', 'मोठी' असे पर्याय दाखवले आणि फाइलीत 'मोठी' असंच लिहिलं. पुढे माणसानं भाषा इंग्रजी केली, किंवा भाषांतर करणाऱ्यानं 'मोठी'चं 'मोठी अक्षरं' केलं, की साठवलेला शब्द कोणत्याच पर्यायाशी जुळत नाही. दाखवायचा शब्द वेगळा आणि साठवायची खूण वेगळी, हे पहिल्या दिवसापासून पाळावं. आणि एकदा पूर्णांक म्हणून साठवलेली किंमत पुढच्या आवृत्तीत त्याच नावाखाली स्ट्रिंग म्हणून मागू नये. अँड्रॉइड तिथे अ‍ॅप बंद पाडतं, तेही फक्त जुन्या वापरणाऱ्यांचं. नव्यानं इन्स्टॉल करणाऱ्याला काहीच होत नाही, म्हणून चाचणीत हे सुटतं. म्हणजे जे सर्वांत जास्त काळ सोबत राहिले, मार बसतो तो नेमका त्यांना.

या फाइलीत काय ठेवू नये याचं प्रकरण पुस्तकात आहे, इथे थोडक्यात सांगतो. पासवर्ड आणि लॉगिनची टोकनं ठेवू नयेत. मजकूर उघडाच असतो आणि रूट केलेल्या फोनवर तो कुणीही वाचू शकतो. त्यासाठी आयफोनवर कीचेन आणि अँड्रॉइडवर कीस्टोअर आहे. पूर्वी सुचवलं जाणारं एन्क्रिप्टेडशेअर्डप्रेफरन्सेस गूगलनं २०२५ मध्ये बाद ठरवलं, तेव्हा जुनी उदाहरणं तशीच उचलू नका. शिवाय कीचेनमधलं सामान अ‍ॅप काढून टाकल्यावरही मागे राहू शकतं आणि यूजरडिफॉल्ट्समधलं पुसलं जातं, हे लक्षात न घेतल्यानं नव्यानं टाकलेल्या अ‍ॅपमध्ये जुनंच खातं उघडल्याचे प्रकार होतात.

गुपितं बाजूला ठेवली तरी साध्या पसंतीही बोलक्या असतात. अक्षरं किती मोठी केली यावरून नजर कळते, नमाजाच्या किंवा आरतीच्या वेळेची सूचना चालू आहे यावरून धर्म कळतो, पाळीची तारीख सांगणाऱ्या अ‍ॅपच्या सेटिंगवरून तर कितीतरी. अ‍ॅपचं फोल्डर दुसऱ्या अ‍ॅपला बंद असतं हे खरं. पण अ‍ॅपच्या आत आपणच आणून बसवलेल्या लायब्रऱ्या त्याच छताखाली राहतात आणि ही फाइल त्यांनाही उघडी असते. अशा किमतींवरून फोन ओळखण्याचे प्रकार होऊ शकतात म्हणून अ‍ॅपलनं २०२३ मध्ये जाहीर केलं आणि १ मे २०२४ पासून सक्तीचं केलं, की यूजरडिफॉल्ट्स वापरणाऱ्या अ‍ॅपनं ते कशासाठी वापरतं याचं कारण नोंदवावं. इतक्या साध्या सोयीला कारण विचारतात याचा पुष्कळ डेव्हलपरांना त्रास झाला. मला तो निर्णय योग्य वाटतो.

एका प्रश्नाचं पक्कं उत्तर मी दिलेलं नाही, कारण ते अ‍ॅपगणिक बदलतं: पसंती कुणाची? फोनची, खात्याची की माणसाची? अँड्रॉइड ६ पासून, म्हणजे २०१५ पासून, अ‍ॅपचा २५ एमबीपर्यंतचा डेटा आपोआप गूगलच्या बॅकअपमध्ये जातो आणि त्यात ही फाइलही असते. अ‍ॅपलकडे २०११ पासून आयक्लाउडमधून पसंती सगळ्या उपकरणांवर नेण्याची सोय आहे. आज तिला एक एमबी आणि १०२४ नोंदींची मर्यादा आहे. नवा फोन घेतल्यावर भाषा आणि विषयांची आवड सोबत यावी हे सरळ आहे. पण अक्षरांचा आकार? सहा इंची फोनवर निवडलेला आकार दहा इंची टॅबलेटवर तसाच यावा का? आणि या फोनपुरतं असलेलं सूचनांचं टोकन बॅकअपमधून दुसऱ्या फोनवर गेलं तर तिथे सूचना पोचतच नाहीत. असं सामान बॅकअपमधून वगळायला शिकलं पाहिजे. आपल्या घरांमध्ये आणखी एक पेच असतो. एकाच फोनवर आजी भजनं ऐकते, नातू कार्टून पाहतो आणि रात्री आई त्याच अ‍ॅपवर मालिका लावते. तिघांच्या सांगण्याला फाइल एकच. घरात फोन एकापेक्षा जास्त हातांत फिरतो हे गृहीत धरून ज्यांनी अ‍ॅपच्या आत माणसागणिक वेगळी फाइल ठेवली, त्यांचं काम मला मोलाचं वाटतं.

पुस्तकाची मांडणी अशी आहे. पहिली चार प्रकरणं साठवणीची, त्यानंतरची तीन डिफॉल्ट आणि संमतीची, एक भाषांचं आणि अंकांचं, एक सुरक्षेचं, आणि शेवटी बॅकअपचं. प्रत्येक प्रकरणातलं कोड कोटलिन आणि स्विफ्टमध्ये आहे. ज्यांना कोड येत नाही, पण आपल्या हातातलं यंत्र आपलं ऐकतं की नाही याची काळजी आहे, त्यांनी कोड वगळून वाचलं तरी धागा तुटणार नाही.

प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी चाचण्या दिल्या आहेत आणि त्या प्रत्यक्ष फोनवर, जमल्यास जुन्या आणि स्वस्त फोनवर, कराव्यात. सेटिंग बदला, लगेच अ‍ॅप फोर्स स्टॉप करा, पुन्हा उघडून पाहा. बॅकअपमधून दुसऱ्या फोनवर आणा. वर्षभरापूर्वीची आवृत्ती टाका, तिच्यात काही सेटिंग बदला आणि काही मुद्दाम तशीच सोडा, मग आजची आवृत्ती त्यावर चढवा. बदललेली टिकली का, आणि न बदललेल्यांना नवा डिफॉल्ट मिळाला का, ते एकेक करून कागदावर टिपा. मग फोनची भाषा मराठी करा आणि पहिल्यापासून पुन्हा सुरू करा.